तांदळावरचं नाव आणि आधारवरचं नाव

लग्नसराई ओसरली की साधारण पंधरा दिवसांनी माझ्या टेबलापुढे नव्या नवऱ्या येऊन बसायला लागतात. हातात हिरवा चुडा, पिशवीत लग्नपत्रिका, आधार, दोन फोटो, आणि सोबत सासूबाई नाहीतर नणंद. "ताई, नाव बदलायचंय." मी विचारते, "काय ठेवायचं?" उत्तर पोरगी देत नाही, सोबतचं माणूस देतं. म्हणून हल्ली मी आधी कोरा कागद आणि पेन पोरीपुढे सरकवते आणि सांगते, तुझ्या हातानं लिही.

कराडात कचेरीजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. बारा वर्षं झाली. वकील नाही मी, पण या एका कामाचे जितके अर्ज भरले तितके कुणी वकिलानं भरले नसतील. तेवढ्यावर सांगते.

पहिली गोष्ट: लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नाही, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नाही. लग्न लागलं म्हणून नाव आपोआप बदलतही नाही. तुम्ही एकेका कागदावर जाऊन ते बदलता तेव्हाच बदलतं, आणि नाही बदललं तर लग्नाला काडीचाही धोका नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांतसुद्धा बायकोनं नवऱ्याच्याच आडनावानं दावा लावावा अशी सक्ती नाही, मग गॅसवाल्यानं ती का करावी?

आता माझंच सांगते, म्हणजे मी स्पेलिंगवर एवढी का घसरते ते कळेल. माझं लग्न २००४ सालचं. ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यावर 'प्राजक्ता' लिहिलं. तोवर मी सुनंदा होते. आत्याबाईंना सुनंदा आवडलं नव्हतं, त्यांच्या चुलत जावेचं नाव तेच आणि त्या दोघींचं बोलणं बंद. झालं! पेढे वाटले, मी प्राजक्ता झाले. बँकेत खातं प्राजक्ता नावानं, रेशनकार्डावर प्राजक्ता, पुढं मतदार यादीतही प्राजक्ता. दहावी, बारावी, बी. कॉम. सगळं सुनंदा. पुढं वडील गेले, सातबाऱ्यावर वारस नोंदीची वेळ आली, तेव्हा तलाठी भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि भावाला विचारलं, "सुनंदा तुमची बहीण, मग ही प्राजक्ता कोण?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदावर खरंच दोन बायका होत्या.

ते निस्तरायला राजपत्र (म्हणजे सरकारी गॅझेटात नाव बदलल्याची छापील नोंद), प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि आठ महिने लागले.

तर नाव बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं, हे आधी ठरवा. आपल्याकडे मराठी नावाचे तीन तुकडे असतात. स्वतःचं, बापाचं, आडनाव. लग्नानंतर मधलं आणि शेवटचं बदलायची रीत आहे, काही घरांत पहिलंही. कायद्याला आणि कचेरीला हे एकच काम वाटत नाही. मधलं नाव आणि आडनाव लग्नामुळं बदललं हे विवाह नोंदणीच्या दाखल्यावरून सिद्ध होतं. पहिलं नाव बदललं तर तो दाखला पुरत नाही, कारण सुनंदाशी लग्न झालं एवढंच तो सांगतो. सुनंदाची प्राजक्ता झाली हे सांगत नाही. त्याला राजपत्रच लागतं. लग्नपत्रिका, तांदळाचा फोटो, देवापुढं घेतलेलं नाव, यातलं काही चालत नाही. पहिल्या नावाला हात लावू नका हा माझा सल्ला आहे. घरात प्राजक्ता म्हणा, सोनी म्हणा, कागदावर जन्माचं राहू द्या. लाड करायला राजपत्र लागत नाही.

बाकी जोड्या तुमच्या. माहेरचं सगळं तसंच ठेवता येतं. बापाचं नाव मध्ये ठेवून फक्त आडनाव बदलता येतं. दोन्ही आडनावं लावता येतात. दोन आडनावं लावणाऱ्यांना एवढंच सांगेन की मध्ये आडवी रेघ द्यायची की नुसती जागा सोडायची ते एकदा ठरवा आणि मग सगळीकडे तेच. एकीकडे रेघ आणि एकीकडे नाही, एवढ्यावरूनही यंत्र दोन नावं वेगळी धरतं.

कोऱ्या कागदावर नाव दोनदा लिहा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत. वाघमारे व्हीनं की डब्ल्यूनं? वैशालीच्या शेवटी आय की दोन ई? नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग त्याच्या आधारवर जसं आहे तसंच घ्या, तुम्हाला बरं दिसतं ते नको. आणि 'सौ.' नावात घालू नका. मी स्वतः पाहिलेलं आहे, एका बाईंच्या पासबुकावर इंग्रजीत एस-ए-यू हे पहिलं नाव, खरं नाव मधलं, आणि नवरा आडनावात. पैसे खात्यावर येईनात, कारण आधारवर 'सौ' नावाची कुणीच नव्हती. हा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढं प्रत्येक ऑपरेटरला तोंडानं नाव सांगू नका, फोटो दाखवा, आणि त्यानं भरलेलं स्क्रीनवर वाचल्याशिवाय थंब देऊ नका. माझ्याकडेसुद्धा. मीही माणूस आहे, मार्च-एप्रिलमध्ये तर अर्धाच.

लग्नाची नोंदणी

सगळ्याचं मूळ इथं आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते, आणि ती सगळ्या धर्मांच्या लग्नांना लागू आहे. निकाह झालेला असो की चर्चमधलं लग्न असो. गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे जायचं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण विचारताना ग्रामसेवकच विचारा, लवकर सापडतील), शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. नवरा-बायको दोघं आणि तीन साक्षीदार, सगळे मूळ ओळखपत्रांसह. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत गेलात तर बरं, नंतर गेलात तरी नोंद होते, पण जादा फी पडते. विशेष विवाह कायद्यानं, म्हणजे ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो, तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न केलं असेल तर तिथलंच प्रमाणपत्र पुरतं, वेगळी नोंदणी नको.

अर्जात आपलं लग्नाआधीचं नाव, आधारवर आहे तसं, अक्षर न् अक्षर लिहा. इथं घाई करून सासरचं नाव लिहिलं की पुढं कडी तुटते. दाखल्यावर जुन्या नावाची मुलगी आणि तिचा नवरा दिसायला हवेत, तरच जुनी आणि नवी एकच हे पटतं. दाखला हातात पडल्यावर तिथंच उभं राहून वाचा. वडिलांच्या नावातली वेलांटी, लग्नाची तारीख, सगळं. घरी गेल्यावर चूक दिसली तर खेटे तुमचे. आणि मूळ प्रती दोन-तीन मागून घ्या.

राजपत्र

पहिलं नाव बदललं असेल, जुन्या कागदांत गोंधळ असेल, किंवा सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकात नाव बदलायचं असेल तर राजपत्र काढून ठेवलेलं चांगलं. पूर्वी यासाठी मुंबईला चर्नी रोडला शासकीय मुद्रणालयात चक्कर पडायची. आता शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, फी. तुम्ही भरता तसंच्या तसं छापून येतं, कुणी तुमचं शुद्धलेखन सुधारत नाही. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये ते येतं, आणि ते पान उतरवून घ्यायचं. अंकाची तारीख आणि नोंदीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. दहा वर्षांनी ते पान परत शोधायला बसाल तेव्हा माझी आठवण काढाल.

फक्त आडनाव आणि मधलं नाव लग्नामुळं बदलत असेल आणि विवाहाचा दाखला चोख असेल, तर बहुतेक ठिकाणी राजपत्राशिवाय भागतं. उगाच कुणी "राजपत्र लागतंच" म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर आधी विचारा, कशासाठी?

आता क्रम

दाखला आला की पहिलं आधार. आधार केंद्रावर विवाहाचा दाखला आणि जुन्या नावाचं, फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन जा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, आणि स्पेलिंगची दुरुस्तीसुद्धा त्यात मोजतात. आधी एकदा शाळेच्या वेळची चूक सुधारली असेल तर तुमच्याकडे एकच संधी उरली. म्हणून तर तो कोरा कागद. नुसता पत्ता सासरचा हवा असेल तर नाव न बदलताही होतो. पत्त्यात 'केअर ऑफ' म्हणून नवऱ्याचं नाव घालता येतं, आणि ते नातंसुद्धा घालायची सक्ती नाही.

आधार बदलून आलं की लगेच पॅन. या दोन्हींत अंतर ठेवू नका, कारण आधारवर नवं आणि पॅनवर जुनं अशा मधल्या काळात बँकेचं केवायसी अडकतं. पॅन नवा काढायचा नाही, आहे त्याच नंबरवर नाव दुरुस्त करायचं. दुसरा पॅन बाळगला तर १०,००० रुपये दंड आहे. पुराव्यात विवाहाचा दाखला सर्वांत चांगला. पॅनच्या यादीत लग्नपत्रिकासुद्धा धरलेली मी पाहिली आहे, नाव बदलायला पत्रिकेला मान देणारं एवढं एकच खातं मला भेटलंय. आणि पॅनवर वडिलांच्या नावाच्या जागी वडिलांचंच नाव राहतं, लग्न झालेल्या बाईचंही. तिथं नवऱ्याचं नाव घालायला सांगणारी माणसं रोज भेटतात. घालू नका.

त्यानंतर बँक. बँकेत नाव बदलतानाच सही बदलायची असेल तर तीही एका झटक्यात बदला, आणि जुन्या नावाचे उरलेले चेक परत करा. आधार बँकेला जोडलेलं आहे ना हे तेव्हाच विचारून घ्या, लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे त्याच वाटेनं येतात. त्या योजनेत नव्या सुनेचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढलं नसेल तर विवाहाच्या दाखल्यासोबत नवऱ्याचं रेशनकार्ड चालवायची सोय केली होती. त्या दिवसांत विवाह नोंदणी न केलेल्या किती जणी पळत आल्या, काय सांगू. दोन पोरं झालेल्याही होत्या.

मतदार यादीसाठी नमुना ८. नावाची दुरुस्ती आणि पत्त्याचं स्थलांतर दोन्ही त्याच अर्जावर, पैसे लागत नाहीत. रेशनकार्डाला आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायचं, तो दाखला घ्यायचा, मग सासरच्या कार्डात घालायचं. उलट केलंत तर आधार क्रमांक दुसरीकडे आहे म्हणून अर्ज परत येतो. सिमकार्ड, गॅस, विमा वगैरे सवडीनं.

नोकरी करणाऱ्यांनी आस्थापना विभागात नाव कळवताना आणखी एक काम करून टाका, त्याचा नावाशी संबंध नाही पण कुणी सांगत नाही. लग्नाआधी भविष्य निर्वाह निधीला आई-वडिलांचं वारस म्हणून नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन गैरलागू होतं, नवं भरावं लागतं. नवऱ्यांनाही हाच नियम. ते तर कधीच भरत नाहीत.

पासपोर्ट

पासपोर्टात नाव 'दुरुस्त' होत नाही, पासपोर्ट नव्यानं काढावा लागतो, री-इश्यू म्हणतात त्याला. ३६ पानी साध्या पासपोर्टाला १५०० रुपये. विवाहाचा दाखला, किंवा दोघांनी मिळून सही केलेलं घोषणापत्र. पहिलं नाव बदलत असेल तर पुन्हा राजपत्र.

इथं घाई करणाऱ्यांना मी थांबवते. लग्नानंतर लगेच फिरायला जायचं असेल, तिकीट काढलेलं असेल, किंवा जुन्या पासपोर्टावर व्हिसा असेल, तर आधी जाऊन या, मग बदला. तिकीट पासपोर्टवरच्या नावाचं पाहिजे, आधारवरच्या नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं आधार, पॅन सगळं हौसेनं बदललं आणि नवऱ्यानं तिकीट काढलं ते नव्या नावानं, पासपोर्ट जुना. निघायच्या तीन दिवस आधी माझ्याकडे रडत आली. मी काय करणार होते? नशीब, विमान कंपनीकडून नाव बदलून मिळालं, पैसे गेले. आणि परदेशात नवऱ्याकडे जायचं म्हणून पासपोर्टात स्वतःचं नाव बदलायला लागत नाही. शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असतं, तेवढं घालून घेता येतं, नाव जन्माचंच ठेवून.

आडनावाचा रकाना मात्र रिकामा सोडू नका. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टावर दुबईच्या देशानं, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीनं, २०२२ पासून अडवायला सुरुवात केली. आपल्या नात्यातल्या जुन्या बायकांच्या पासपोर्टात असं आढळतं, नवऱ्यासोबत पोराकडे निघालेल्या असतात बिचाऱ्या.

काय बदलायचं नाही

दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला. ही त्या वेळच्या नावाचीच असतात आणि तशीच राहू द्यायची. जन्माचा दाखलाही. जातीचा दाखला आणि जात वैधता तर माहेरचीच असते, जात जन्मानं धरतात, नवऱ्यावरून नाही. नॉन-क्रीमीलेअरलाही आई-वडिलांचं उत्पन्न धरतात. सासरच्या नावानं जातीचा दाखला काढून द्या म्हणून हट्ट धरणारे सासरे मी पाहिलेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींनी त्यामुळं नीट विचार करावा. नाव बदललंत तर लोकसेवा आयोगाकडे बदलाचा पुरावा द्यावा लागतो, विवाह निबंधकाचा दाखला, राजपत्र किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला. कागद आहेत तर अडचण नाही, पण मुलाखतीआधीच्या पडताळणीला ते पाहिजेत, घरी कपाटात नाही.

माहेरच्या जमिनीचं असंच. सातबाऱ्यावर वारस म्हणून लागताना दोन्ही नावं दिसली तर पुढं त्रास कमी: अमुक उर्फ तमुक. आपल्या राज्यात मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी आलं, त्याच निर्णयात बाईला लग्नाआधीच्या नावानं मालमत्तेच्या दस्तात नाव लावायची मुभाही आहे. बातम्यांत पहिलं आलं, दुसरं फार जणींना माहीत नाही.

जुन्या-नव्या नावांमध्ये कुठं फट पडलीच तर 'ही दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र करतात. चालतं, पण पुरवणी म्हणून. दर वेळी नवं प्रतिज्ञापत्र करत हिंडण्यापेक्षा एकदा राजपत्र बरं. स्टँप पेपर लागतो की साध्या कागदावर चालतं हे ज्या कचेरीत द्यायचं तिथंच विचारा, दारातल्या दलालाला नको.

नवरा वारला तर नाव बदलावं लागत नाही. घटस्फोट झाला आणि माहेरच्या नावावर परत यायचं असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा पुरावा म्हणून चालतो. आधारला मात्र ती दुसरी संधी खर्ची पडते, हे लग्नाच्या दिवशी कुणाच्या मनात येत नाही, येऊही नये. पण ऑपरेटरच्या येतं.

परवा एक मुलगी आली. उंब्रजची, नवरा इथला, सोबत सासूबाई. मी नेहमीसारखा कागद पुढं केला. तिनं पेन उचललं, थांबली, आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं तीनदा बदललंय बया, तुझं तू बघ." पोरीनं लिहिलं ते आधारवर होतं तेच, बापाच्या नावासकट. मग तिचा फक्त नमुना ८ भरला, पत्ता बदलायला. वीस मिनिटं लागली. झेरॉक्सचे चार रुपये झाले, तेही सासूबाईंनी सुटे दिले.